धण्याचं पाणी थायरॉईडच्या गोळीची जागा घेत नाही

‘चाळिशीनंतर वजन का वाढतं?’ हा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा येतोय. त्यात पाच कारणं दिली आहेत: चाळिशीत चयापचय थांबतो, थायरॉईडच्या गोळ्यांनी अंग सुटतं, रात्रीचा भात, शेंगदाणे-बदाम, आणि थंड पाण्याने पोटात गोठणारी चरबी. खाली सल्ला असा की गोळी बंद करा आणि सकाळी उपाशीपोटी धण्याचं पाणी प्या. माझ्या मावशीने तो पाळला, म्हणून हे लिहायला बसले.

आधी गोळीचं बोलू, कारण हा जिवाशी खेळ आहे. हायपोथायरॉईडमध्ये गळ्यातली ग्रंथी थायरॉक्सिन हे संप्रेरक (हार्मोन) पुरेसं बनवत नाही. गोळीत तेच थायरॉक्सिन असतं. डोस बरोबर असेल तर त्याने वजन वाढत नाही. वाढतं ते थायरॉक्सिन कमी पडल्यामुळे, तेही साधारण दोन ते पाच किलो, आणि त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं मीठ-पाणी. गोळी सोडल्यावर सुरुवातीला काही जाणवत नाही, कारण शरीरातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायलाच जवळपास आठवडा जातो. नेमक्या त्याच दिवसांत धण्याचं पाणी लागू पडल्यासारखं वाटतं. मावशीलाही वाटलं. मग डोळ्यांखाली सूज आली, बोटातली अंगठी निघेना, भर मे महिन्यात ती पंखा बंद करा म्हणू लागली. वजन कमी व्हायचं राहिलंच, उलट वाढलं. वयस्कर माणसाने गोळी दीर्घकाळ सोडली तर बेशुद्ध पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. धणे आमटीत जरूर घाला, पण धण्यात थायरॉक्सिन नसतं.

काही औषधांनी वजन वाढतं, एवढं मात्र मान्य करावं लागेल. स्टिरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची ओलान्झापिनसारखी औषधं त्यात येतात. पण तेव्हाही डोस किंवा औषध बदलायचं ते डॉक्टरांनी. इन्सुलिन मनाने थांबवणं तर फारच धोक्याचं.

चाळिशीत चयापचय थांबतो, हे खोटं आहे. 2021 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात 29 देशांतल्या 6,400 हून अधिक लोकांचा अभ्यास आला. शरीराचं आकारमान हिशेबात धरलं तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो. उतार लागतो तो साठीनंतर, तोही हळूहळू.

मग वजन वाढतं कशाने? यावर माझी भिस्त ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या 2011 च्या अभ्यासावर आहे. अमेरिकेतल्या 1,20,877 आरोग्य कर्मचाऱ्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. दर चार वर्षांना सरासरी दीड किलो वाढ, म्हणजे आरशात दिसणारही नाही इतकी सावकाश. रोजच्या खाण्यात एका वेळी वाढून घेतो तेवढे बटाट्याचे वेफर्स जास्त झाले, तर त्याच्याशी चार वर्षांत पाऊण किलोची जास्तीची वाढ जोडलेली दिसली. गोड शीतपेयांसाठी ती अर्ध्या किलोच्या आसपास होती. पांढऱ्या भातासारख्या कोंडा काढलेल्या धान्यांसाठी जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम. म्हणजे भाताचा वाटा शून्य नाही, पण रात्रीच्या दोन घास वरणभाताला गुन्हेगार ठरवून समोर कोल्ड्रिंकची बाटली ठेवायची, हे उफराटं आहे. टीव्हीपुढचे तास आणि सहा तासांहून कमी झोप यांचाही वाढीशी संबंध दिसला. मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही! आणि दाणे-बदामांचं तर उलटंच: ते खाणं वाढवणाऱ्यांचं वजन कमी वाढलं. दह्याचंही तसंच. अभ्यास निरीक्षणाचा आहे, म्हणजे संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही; शिवाय तो आपल्या ताटावरचा नाही, तरी त्या मेसेजपेक्षा शंभरपट भरवशाचा.

थंड पाण्याने चरबी गोठत नाही. पोटात गेलेलं पाणी थोड्याच वेळात अंगाइतकं गरम होतं.

हा मेसेज तुम्ही पुढे पाठवला असेल, तर ज्यांना पाठवलात त्यांच्यात थायरॉईडचं कोण आहे ते आठवा. त्यांना आजच फोन करा आणि गोळी चालू आहे ना, एवढं विचारा.