‘का’ कुठेच लिहिलेले नसते

नव्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचा कोड हाती आला की कोणीतरी हमखास सांगते, “कोड वाच, सगळे कळेल.” काय कळेल? काल एका फंक्शनवर ‘हे काढू नका’ एवढीच टिप्पणी दिसली. गिट ब्लेम (कोणती ओळ कोणी, कधी बदलली हे दाखवणारी आज्ञा) चालवून त्या ओळीचा इतिहास काढला, तर कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशात ‘फिक्स’ हा एकच शब्द होता आणि तो लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कोडच्या २ कोटींहून अधिक ओळी आहेत, तरीही कोणता भाग कोण सांभाळतो हे तिथे मेंटेनर्स नावाच्या फाइलीत नोंदलेले असते आणि बदल का केला हे कमिटमध्ये सांगावे लागते. मग आमच्याकडेच चार वाक्ये लिहिताना कोणी हात धरले होते? ‘युटिल्स’ (किरकोळ मदतीचा कोड) नावाच्या तीन-तीन फोल्डरांत ग्रेप करत, म्हणजे एकेक शब्द शोधत, माणसाने किती दिवस घालवायचे?