दहा कोंबड्यांना कोण विचारतंय?

सकाळी भावकीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला. 'आता शेतकऱ्याला कोंबड्या पाळायलाही सरकारचा परवाना!' खाली नुसते लालबुंद चेहरे. त्यातले निम्मे पुण्यात राहतात.

अरे, परसातल्या दहा कोंबड्यांना कोण विचारतंय? नियम 5,000 पक्ष्यांच्या वरचा आहे. आधी लाखापर्यंत मोकळीक होती, 1 जानेवारी 2023 पासून प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. नवं शेड वस्तीपासून 500 मीटर आणि ओढ्या-नदीपासून 100 मीटर लांब असावं, एवढंच म्हणणं आहे. यात कुठला जुलूम?

गेल्या पावसाळ्यात आण्णांचं वर्षश्राद्ध झालं. चुलतभावाचं, दादाचं शेड आमच्या सोप्यापासून शंभर पावलांवर. 7,000 लेयर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या. कावळा शिवायला पाऊण तास लागला, माशा मात्र पान मांडायच्या आधीच हजर. पाव्हणे एका हातानं जेवतायत, दुसऱ्यानं वारतायत. आत्यानं खिरीच्या वाटीवर पदर धरला, मग वाटी तशीच ठेवून उठली. बोलली काहीच नाही. गव्हाची खीर, आण्णांना आवडायची म्हणून केलेली.

लेयर कोंबडी दिवसाला शंभरेक ग्रॅम घाण टाकते. करा हिशोब, रोज 700 किलो! पिंजऱ्याखाली साठतं. द्राक्षबागवाले छाटणीआधी खत म्हणून ट्रॉल्या भरून नेतात, तोवर कोंबड्यांना पाणी प्यायच्या नळीच्या तोट्या, म्हणजे निपल, गळून सगळं भिजतं आणि आठ-दहा दिवसांत माशांची नवी फौज उठते. खत कोरडं ठेवलं तर माशी आटोक्यात राहते. दादाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.

संमतीच्या कागदांसाठी चकरा मारायला लावतात, हेही खरं. बरं.

आणि दादा काही वैरी नाही. 2020 ला कोरोनाच्या अफवेनं अंडी-चिकनला कुणी हात लावेना, तेव्हा रात्री शेडच्या दारात एकटा बसलेला बघितलाय मी त्याला. डोक्यावर कर्ज, त्यात मका आणि सोयापेंडीची उधारी. शेड बांधताना त्याला अंतराचं कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? जागा आमच्या आण्णांनीच दिली होती.

पण आता ओढ्याकडेला आणखी एका शेडचा पाया खणलाय. दुसऱ्याच कुणाचा. त्याला तर माहितीय ना सगळं! त्याच्याही बाजूनं लाल चेहरे टाकायचे का?

दुपारी आत्याचा फोन आला. पितृपक्षात येणाराय. म्हणाली, "खीर मी घरनंच डब्यात आणते गं. खाऊ, पण दार लावून."