‘दर्जा असेल तर छापलं जातंच’ हे खरं नाही

प्राध्यापकांच्या ग्रुपांवर गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शास्त्र नाव-गाव बघत नाही, दर्जा असेल तर संशोधनाचा पेपर छापला जातोच. छापण्याआधी पेपर तपासणारे परीक्षक आपल्याकडचे नसतात, कारण तेवढ्या तोलाची माणसं आपल्याकडे नाहीत. आणि आता संशोधनाची नियतकालिकं वाचायला देणारी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही सरकारी योजना आल्यावर तक्रारीला जागाच नाही. मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर काम करतो. मला यातलं काहीच पटत नाही.

आधी नाव-गाव. ‘फंक्शनल इकॉलॉजी’ या ब्रिटिश नियतकालिकाने 2019 पासून सुमारे तीन वर्षं एक प्रयोग केला. काही पेपर लेखकांची नावं झाकून परीक्षकांकडे गेले, काही नावांसकट. कुठला कसा जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. नावं दिसत होती तेव्हा श्रीमंत आणि इंग्रजीत सराईत देशांतल्या लेखकांना वरचे गुण पडले. नावं झाकल्यावर ती आघाडी बरीचशी ओसरली.

नुसत्या नावावर कसा विश्वास बसतो, ते मेळघाटात आढळणाऱ्या रानपिंगळ्याचंच, या छोट्या घुबडाचंच बघा. 1884 नंतर त्याचा खात्रीचा नमुना नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलने 1914 चा म्हणून गुजरातेतला एक नमुना दाखवला आणि एवढ्या मोठ्या माणसाचा म्हणून तो मानला गेला. तो निघाला चोरलेला जुना नमुना, वर खोटी चिठ्ठी लावलेला. त्या चिठ्ठीने शोध भलतीकडे नेला. पक्षी सापडला 1997 साली, शहाद्याजवळ.

परीक्षकांचं म्हणाल, तर परीक्षणांची नोंद ठेवणाऱ्या पब्लॉन्स या संकेतस्थळाच्या 2018 च्या अहवालात जगातल्या परीक्षणांपैकी जवळपास एक तृतीयांश एकट्या अमेरिकेतून होत होती. पेपरांत मात्र तिचा वाटा चौथाईच. संपादक आपल्याच भागातली माणसं निवडतात. तोच अहवाल सांगतो की विकसनशील देशांतल्या संशोधकाला विचारलं तर तो जास्त वेळा ‘हो’ म्हणतो. विचारतच नाहीत, ही अडचण आहे.

सबस्क्रिप्शन योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाली, चांगलंच झालं. पण ती सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांसाठी आहे. आमच्याकडची बहुतेक ग्रामीण कॉलेजं खासगी शिक्षण संस्थांची आहेत. शिवाय ती मुख्यतः वाचण्यासाठी. छापण्याची फी वेगळी. ‘नेचर’ची मुक्त प्रकाशनाची, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा यासाठीची फी 2021 साली 9,500 युरो होती.

आता दर्जा. माझा एक पेपर परीक्षणाला न पाठवताच परत आला. शेरा एवढाच: विषय स्थानिक स्वरूपाचा. विषय काय होता? गावच्या ढीवर, म्हणजे मासेमार बांधवांनी तलावातली बेशरम नावाची माजलेली झुडपं उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि मरळ हा मासा परत घरटी करू लागला. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून वाकून बघितलं तर झाडोऱ्यात ताटाएवढी मोकळी जागा दिसते, त्यात तरंगणारी पिवळी अंडी, आणि खाली राखण करणारं जोडपं. पुढे लालसर पिल्लांचा थवा. पात्यांचा आडोसा नसेल तर हे काही होत नाही. त्या तलावांत गवत्या मासा सोडला तर तो हाच आडोसा खातो. माणूस, मासा आणि वनस्पती यांचा हा संबंध युरोपातल्या एखाद्या तळ्यात कुणी मांडला असता, तर त्याला स्थानिक म्हटलं असतं का? तिथलं तळं सगळ्या जगाचा नमुना होतं, आमचा तलाव मात्र फक्त गोंदियाचा राहतो.

ज्यांच्या कामावर तो पेपर उभा आहे, त्यांतल्या एका म्हाताऱ्या काकांनी परवा पाळीवरच अडवलं. ‘सर, आमच्या तलावाचं का झालं? छापून आलं का?’ मी म्हटलं, ‘अजून नाही, काका.’ ‘बाकी मरळ तं आलीच,’ ते म्हणाले आणि जाळं झटकायला लागले.

पेपर पुन्हा पाठवतोय. सुचवायच्या परीक्षकांत या वेळी श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातल्या जुन्या तलावांवर काम करणाऱ्या एका संशोधकाचं नाव घातलंय. मे महिन्यात तलाव आटतो म्हणजे तो मरत नाही, हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.