'पाश्चात्त्य फॅड' म्हणण्याआधी सिनेमे तरी बघा

एक पोस्ट सध्या जाम फिरतेय, की आशियाई सिनेमात दोन पुरुषांची किंवा दोन बायकांची जवळीक दाखवतात ती पाश्चात्त्यांची नक्कल आहे, त्यात बेडसीनपलीकडे काही नसतं आणि आपल्या प्रेक्षकाला हे असलं चालत नाही. मला यातलं काहीच पटलेलं नाही.

नक्कलचं म्हणाल तर जपानचा 'फ्युनरल परेड ऑफ रोझेस' १९६९ चा, आपल्याकडचा 'बदनाम बस्ती' १९७१ चा, आणि १९८२ च्या 'उंबरठा'त सुधारगृहातल्या दोन बायकांचं नातं येतं, तेव्हा पाश्चात्त्य सिनेमे घरोघरी पोचवणारं ओटीटी कुठे होतं?

आता बेडसीन. हाँगकाँगचा 'हॅपी टुगेदर' (१९९७), दोन प्रियकरांची गोष्ट, सुरूच तिथून होतो, खरंय. पण मनात काय राहतं? एकाचे दोन्ही हात बँडेजमध्ये आहेत आणि दुसरा त्याला घास भरवतोय, मग हा दुसराच तापाने फणफणलेला असताना पहिला त्याला उठवतो, भूक लागलीय म्हणतो, आणि तो चिडत चिडत अंगावर ब्लँकेट घेऊन स्वयंपाकाला लागतो. संसार म्हणजे अजून काय असतं हो? कोरियाच्या 'द हँडमेडन'मध्ये टबात बसलेल्या मालकिणीचा टोकदार दात आतून टोचतोय, तर मोलकरीण बोटात अंगुस्तान घालून तो हळूहळू घासून देते, दोघी एकमेकींकडे बघतायत, बस. (त्याच सिनेमातले पुढचे बेडसीन पुरुषाच्या नजरेतून आलेत असं मलाही वाटतं, पण तो त्या सीन्सवरचा आक्षेप झाला, अख्ख्या आशियावरचा नाही.) आणि आपल्याकडच्या 'फायर'मध्ये, जिथे दोन जावा एकमेकींच्या प्रेमात पडतात, पिकनिकला धाकटी जाऊ थोरलीचे पाय चेपते, सगळ्या घरासमोर, आणि कुणाला काही कळत नाही!

राहिला प्रेक्षक. 'फायर' सेन्सॉरने एकही कट न देता पास केला होता, नोव्हेंबर १९९८ मध्ये थिएटरात लागला, डिसेंबरमध्ये मुंबई-दिल्लीत तोडफोड झाली म्हणून परत सेन्सॉरकडे गेला आणि तिथे पुन्हा कटशिवायच पास झाला. म्हणजे तो थांबवला तोडफोड करणाऱ्यांनी, तिकीट काढणाऱ्यांनी नाही. आणि आपला मराठी 'साबर बोंडं' घ्या, अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात २०२५ मध्ये ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं ते सोडा, वडिलांच्या सुतकात दहा दिवस गावी आलेला आनंद आणि तिथला त्याचा बालमित्र बाळ्या, या दोघांच्या जवळिकीची एवढीच गोष्ट, आणि आनंदच्या आईला सगळं ठाऊक आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये थिएटरात लागला तेव्हा मी बघितला. माझ्या शोला कुणी मधूनच उठून गेलं नाही.