दार लावून घेण्याविषयी

मागच्या रविवारी उपासनेनंतर महिला मंडळाच्या सभेत नुकतेच लग्न झालेल्या एका मुलीने विचारले, "काकू, शांत वेळ पाळायची म्हणजे पहाटे चारलाच उठायला हवे का हो?" (शांत वेळ म्हणजे रोज एकट्याने बायबल वाचून प्रार्थना करण्याची वेळ.) प्रश्न मला होता, पण मी तोंड उघडण्याआधीच दोघीतिघींनी सांगून टाकले, की प्रभू येशू स्वतः पहाटे अंधार असतानाच उठला होता, तेव्हा आपणही उठलेच पाहिजे. मुलगी गप्प बसली. ती घरचे सगळे आवरून नोकरीसाठी सकाळी सातच्या बसला धावते, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होते. तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर मी इथे जरा सविस्तर लिहिते आहे, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू मोठ्या पहाटे उठून एकांतात गेला असे लिहिले आहे, हे खरेच आहे. परंतु लूक सांगतो की बारा प्रेषितांना निवडण्याआधी त्याने सारी रात्र डोंगरावर प्रार्थनेत घालवली, आणि मत्तय सांगतो की पाच हजारांना जेवू घातल्यानंतर लोकसमुदायाला निरोप देऊन तो संध्याकाळी एकटाच डोंगरावर होता. जुन्या करारातला दानिएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे, आणि पंचावन्नाव्या स्तोत्राचा कर्ता तर संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा क्रमाने वेळा मोजतो, कारण यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे पवित्र शास्त्रात तास ठरवून दिलेला नाही. आपापल्या दिवसात माणसांना एकटे राहण्याची फट जिथे सापडली, तिथे त्यांनी प्रार्थना केली. पहाटेचा आग्रह व्यासपीठावरून धरणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुरुष असतात आणि प्रार्थनेवरून उठल्यावर त्यांच्या हातात कोणीतरी चहाचा कप देते, हे माझे निरीक्षण कडवट वाटेल, पण ते अनेक वर्षांचे आहे.

मी सकाळच्या शाळेत शिकवत असे. डब्यांसाठी साडेचारला उठावे लागे, आणि त्याआधी उठून प्रार्थना करण्याचा निश्चय मी जवळजवळ प्रत्येक नवीन वर्षाच्या उपासनेत करीत असे. त्या निश्चयाला वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याच्या वेळापत्रकाचीही जोड असे. बायबलचे एकूण अध्याय ११८९. रोज तीन-सव्वातीन अध्याय वाचले तर वर्षात ते संपतात. उत्पत्तीचे पन्नास आणि निर्गमाचे चाळीस अध्याय होईपर्यंत उत्साह टिकतो, आणि जानेवारी संपता संपता लेवीय हे नियमांचे पुस्तक लागते. होमार्पणे, चरबी, महारोगाची तपासणी, आणि पहाटे सव्वाचारला पेंगुळलेली मी. बऱ्याच वर्षी माझे वाचन तिथेच थांबले, आणि अपराधाची टोचणी मात्र डिसेंबरपर्यंत पुरली. बायबल सलग वाचू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. सलग वाचन हा अभ्यास आहे आणि तो करावाच. पण अभ्यासाचे ओझे आणि देवापाशी बसणे ही दोन कामे एकाच वीस मिनिटांत कोंबली की दोन्ही बिघडतात, एवढे कळायला मला फार वर्षे लागली.

वेळेपेक्षा येशूने जागेविषयी अधिक स्पष्ट सांगितले आहे, आणि आपण नेमके त्याकडे दुर्लक्ष करतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तो म्हणतो की खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर. इथे 'खोली' असे भाषांतर झालेला मूळ ग्रीक शब्द 'तमेइऑन' असा आहे, आणि त्याचा एक अर्थ कोठीची खोली, साठवणीची जागा असा होतो. लूकाच्या बाराव्या अध्यायात कावळ्यांना कोठार नसते असे येशू म्हणतो, तिथेही हाच शब्द आहे. त्याचे ऐकणारे लोक गालीलातले शेतकरी, कोळी आणि मजूर होते. स्वतंत्र प्रार्थनेची खोली कोणापाशी असणार होती? असलाच तर धान्य-तेल ठेवण्याचा एखादा अंधारा कोपरा असणार.

हे प्रथम वाचले तेव्हा मला राहुरीकडच्या आमच्या आजीचे घर आठवले. घर दोन खणांचे. मागच्या खणात शेणाने सारवलेली ज्वारीची कणगी, सरपण आणि एक फुटका पाटा. दार नव्हतेच, गोणपाटाचा पडदा होता. रात्री भाकऱ्या होऊन सगळ्यांची जेवणे झाली की आजी डोक्यावर पदर घेऊन त्या पडद्यामागे जाई आणि कणगीला पाठ टेकून बसे. तेवढा वेळ आजोबासुद्धा तिला हाक मारीत नसत. तिला अक्षरओळख बेताचीच होती; स्तोत्रे आणि गीते मात्र तोंडपाठ होती. ग्रीक शब्दाचा अर्थ तिला कोणी कधी सांगितला नव्हता, पण तो तिच्याइतका तंतोतंत पाळणारे माणूस मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

आता माझ्याविषयी. पुण्यातल्या आमच्या दोन बेडरूमच्या घरात सहा माणसे राहतात. दार लागेल आणि ते कोणी ठोठावणार नाही अशी एकच जागा मला सापडली, ती म्हणजे स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी. तिथे वॉशिंग मशीन आहे, बादल्या आहेत, आणि एका प्लास्टिकच्या स्टुलापुरती जागा आहे. वेळ रात्री पावणेदहाची, ओटा पुसून झाल्यानंतरची. सवय कशाने लागते याचा मी पुष्कळ विचार केला, आणि माझा अनुभव असा की ती निश्चयाने लागत नाही, आधीच लागलेल्या दुसऱ्या एखाद्या सवयीचा हात धरून येते. ओटा तर मी रोज पुसतेच. त्या कामाच्या शेवटाला प्रार्थना जोडली, तेव्हा ती आठवणीत ठेवण्याची गरज उरली नाही. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला राहतो. बायबल छापील आहे, आणि ते स्टुलावरच असते, कारण शोधावे लागणारे बायबल मी उघडत नाही, हे मी स्वतःविषयी ओळखून आहे.

तिथे बसल्यावर सुरुवात कशी करायची, ही पुढची अडचण. डोळे मिटले की उद्याची भाजी, गॅसचा नंबर, कोणाचा तरी लागलेला शब्द, असे सगळे एकदम गर्दी करते. ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर प्रार्थनावीर म्हणून आपल्याकडे प्रवचनांतून नेहमी भेटतात, पण त्यांनी १८४१ मध्ये दिलेली एक कबुली क्वचितच ऐकायला मिळते. ते लिहितात की पूर्वी ते उठल्याबरोबर प्रार्थनेला लागत, आणि पुष्कळदा पाव तास, अर्धा तास मन भटकण्यातच जाई. मग त्यांनी क्रम बदलला: आधी वचनावर मनन, आणि त्या वचनातून जे उपकारस्मरण, पापांगीकार किंवा मागणे आपोआप निघेल ती प्रार्थना. मी हा क्रम उचलला आणि माझी अर्धी लढाई तिथे संपली. एक स्तोत्र किंवा शुभवर्तमानातला एक प्रसंग, तोही ओठ हलवून, सावकाश वाचायचा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेऊन केडगावात संपूर्ण बायबलाचे भाषांतर हाती घेतले, साध्यासुध्या बायकांना वाचून कळेल अशी मराठी असावी हा त्यांचा ध्यास होता, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तोवर त्या या कामात होत्या. आपल्या भाषेतले वचन एखाद्या बाईने एकटीने वाचावे यासाठी इतके कष्ट कोणीतरी घेतले आहेत, हे आठवले की घाईघाईने ओळी उडवताना मला लाज वाटते.

मार्टिन ल्यूथरने १५३५ साली आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थना कशी करावी याची एक छोटी पुस्तिका लिहिली. हा पेटर नावाचा न्हावी त्याचा जुना स्नेही होता. चांगल्या न्हाव्याचे लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असते. तो गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचे नाक कापून ठेवील, आणि प्रार्थनेचेही तसेच आहे, असे ल्यूथर त्याला समजावतो. दहा आज्ञांपैकी एकेक आज्ञा घेऊन तिच्यातून शिकवण, उपकारस्तुती, पापकबुली आणि विनंती असे चार पदर काढावेत, ही त्याची रीत मला आजही उपयोगी पडते. आणि मन थंड पडले की स्तोत्रांचे छोटे पुस्तक घेऊन खोलीत जावे, हा त्याचा स्वतःचा परिपाठही तो तिथे सांगतो. (याच पेटरने त्याच वर्षी दारूच्या भरात आपल्या जावयाला भोसकून मारले आणि त्याला शहर सोडावे लागले. प्रार्थनेची उत्तम पुस्तिका घरात असणे म्हणजे प्रार्थना नव्हे, याचा याहून भयंकर दाखला मला माहीत नाही.)

आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये पाठ शब्दांची प्रार्थना थोडी खालच्या दर्जाची मानतात. 'मनापासून' म्हणजे जागच्या जागी सुचलेले, असा काहीसा समज आहे, आणि त्यासाठी व्यर्थ बडबड करू नका या वचनाचा आधार दिला जातो. पण त्या वचनानंतर लगेचच, दोन ओव्यांच्या आत, येशू शिष्यांना 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही तयार शब्दांची प्रार्थना शिकवतो. ज्या रात्री माझ्याकडे शब्द नसतात, त्या रात्री मी स्तोत्रसंहितेतले शब्द उसने घेते. दीडशे स्तोत्रे आहेत. रोज पाच म्हटली तर महिन्यात पुरी होतात. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातही सकाळ-संध्याकाळ वाटून तीस दिवसांत स्तोत्रसंहिता संपवण्याची रीत शतकानुशतके आहे. मला पाच जमत नाहीत. मी एकच म्हणते. कधी 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक उघडून ना. वा. टिळकांचे एखादे गीत नुसते वाचते, चालीवर न गाता. गाताना चालीकडे धावणारे लक्ष वाचताना शब्दांवर थांबते. वसईची माझी एक कॅथलिक मैत्रीण रोज रोझरी, म्हणजे जपमाळ, म्हणते. तिच्या रोझरीतल्या विनवण्या माझ्या नाहीत, पण हाताला मणी असला की मनाला खुंटी मिळते हे तिचे म्हणणे मी खोडून काढू शकलेले नाही. माझी खुंटी म्हणजे एक दोनशे पानी वही. तिच्यात मध्यस्थीची, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची, नावे वारांप्रमाणे वाटलेली आहेत, आणि ती वही मी कोणाला दाखवत नाही.

इथे मला व्हॉट्सअ‍ॅपविषयी बोललेच पाहिजे. मंडळीच्या गटात सकाळी सहापासून फुलांच्या चित्रांवरची वचने येऊ लागतात, त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते, आणि सात वाजेपर्यंत सगळ्यांचीच भक्ती उरकलेली असते. पुढे पाठवलेले वचन वाचलेले असतेच असे नाही. पण माझी खरी हरकत वेगळी आहे. त्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपास या तिन्ही गोष्टींविषयी येशू एकच अट घालतो, की त्या लोकांना दाखवण्यासाठी नसाव्यात. 'आज पहाटे तीनपासून गुडघ्यांवर' असे स्टेटस ठेवणे आणि नाक्यावर उभे राहून प्रार्थना करणे यांत मला फरक दिसत नाही. राजाची मनाई असताना प्रार्थना करणाऱ्या दानिएलची खिडकी उघडी होती, असे कोणी म्हणेल. होती, पण ती उघडी ठेवण्याची किंमत सिंहांची गुहा होती, लाइक नव्हे. हे सगळे मी फेसबुकवर लिहिते आहे यातली विसंगती मला दिसते, म्हणूनच मी बसते कशी एवढेच इथे लिहिले आहे; काय मागते ते लिहिलेले नाही.

सवय मोडते, याचीही तयारी असावी. लंडनमधल्या संशोधकांनी शहाण्णव स्वयंसेवकांच्या नव्या सवयींचा केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक सहासष्ट होता, पण माणसागणिक तो आकडा अठरापासून दोनशे चोपन्नपर्यंत पसरला होता, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नव्हते. ते सवयीचे शास्त्र झाले, प्रार्थनेचे नव्हे. तरी एका चुकलेल्या दिवसानंतर सगळेच सोडून देणाऱ्या माझ्यासारखीला त्यातून धीर मिळाला. गेल्या वर्षी सासूबाईंच्या शस्त्रक्रियेच्या वेळी माझे तीन आठवडे पूर्ण बुडाले. इस्पितळाच्या बाकड्यावर जे काही पुटपुटले असेन तेवढेच. परत आल्यावर बुडालेली स्तोत्रे भरून काढण्याचा मोह झाला होता, पण मी त्या रात्रीचे एक स्तोत्र म्हटले आणि उठले. रानात देव इस्राएल लोकांना रोजच्या रोज मान्ना नावाचे अन्न देई, आणि त्यांनी सकाळपर्यंत शिल्लक ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले होते. मागची बाकी फेडण्यासाठी तो गोळा करण्याची तरतूद तर तिथे नव्हतीच.

तेव्हा, बाळा, चारला उठू नकोस. आहे ती झोप घे. तुझ्या दिवसात कोणते काम रोज न चुकता संपते ते बघ, आणि कोणते दार लागते ते बघ. एकशे एकतिसाव्या स्तोत्राने सुरुवात कर, ते अवघे तीन ओव्यांचे आहे, आणि त्यातला जीव आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळासारखा निवांत आहे. त्यानंतर प्रभूची प्रार्थना. पाच मिनिटे होतील. मग दोन-तीन महिने मिनिटे वाढवू नकोस, आणि नवऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेव की त्या पाच मिनिटांत दार वाजवायचे नाही.

माझ्या ड्राय बाल्कनीत स्टूल ठेवल्यापासून कांद्याची टोपली मावत नाही, म्हणून ती मी स्वयंपाकघरात आणली आहे. ती पायात येते, अशी सासूबाईंची तक्रार अजून चालू आहे.