आत्या, तो कारबा आधी जिन्याखालून काढ

मेसेज तुमच्याकडेही आला असेल, लाल त्रिकोणांची रांग आणि खाली "सर्वांना पाठवा". म्हणणं असं: इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांमुळे पेट्रोलचा खप निम्म्यावर आलाय, आपली बडोद्याजवळची कोयलीची रिफायनरी बंद व्हायच्या मार्गावर आहे, पंपांना टाळं लागणार. दुसरीकडे याच गाड्या सगळी वीज ओढणार आणि 2012 सारखा अंधार होणार. वरून वीज कोळशाचीच, म्हणजे प्रदूषण उलट जास्त. आणि शेवटी सल्ला: आत्ताच पेट्रोल भरून ठेवा.

असले मेसेज मी न वाचता पुसतो. हा पुसता आला नाही, कारण रविवारी दांडिया बाजारात आत्याकडे गेलो आणि दारातच वास आला. जिन्याखाली शेंगतेलाचे पाच-पाच लिटरचे दोन कारबे, म्हणजे प्लास्टिकचे कॅन, काठोकाठ पेट्रोल. पंपावर प्लास्टिकमध्ये देत नाहीत, म्हणून नातवाने स्कूटरची टाकी दोनदा भरून आणली आणि घरी नळी लावून काढली. आठ पावलांवर देवघर, देवघरात समई. "तू लाईटमधला माणूस, तुला काय कळतंय पेट्रोलचं," हे वर ऐकून घ्यावं लागलं.

तर आत्या, मला एवढं कळतं. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी सुटते. ती हवेपेक्षा जड, त्यामुळे वर न जाता जमिनीलगत सरकते आणि समईपर्यंत आपल्या पायांनी चालत जाते. शिवाय आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल ओलावा ओढतं. बडोद्याच्या पावसाळ्यात तो कारबा दोन-चार महिने पडून राहिला की पाणी-इथेनॉल खाली बसायची भीती आणि ते टाकीत गेलं की गाडी रस्त्यात बंद. म्हणजे साठवलेलं पेट्रोल घर जाळेल नाहीतर इंजिन बिघडवेल. दोन्ही कारबे मी त्याच दुपारी, समई शांत करून, अंगणात माझ्या गाडीत ओतले. पैसे आत्याने रोख घेतले.

आता ते "निम्म्यावर आलेलं" पेट्रोल. पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसीचे, म्हणजे पेट्रोलियम प्लॅनिंग अँड अ‍ॅनालिसिस सेलचे आकडे कोणालाही बघता येतात. 2023-24 मध्ये देशात सुमारे 3.72 कोटी टन पेट्रोल खपलं, 2024-25 मध्ये सुमारे 4 कोटी टन. वाढलं! त्या वर्षी दोन कोटींच्या जवळपास दुचाक्या विकल्या गेल्या, त्यात इलेक्ट्रिक साडेअकरा लाखांच्या आसपास. उरलेल्या सगळ्या पंपावरच जाणार ना? डिझेलचा खप तर पेट्रोलच्या दुपटीहून जास्त, आणि ट्रक-ट्रॅक्टरांना विजेचा अजून वाराही लागलेला नाही. कोयलीचं म्हणाल तर 1965 पासून चालू असलेली ही रिफायनरी 1.37 कोटी टनांवरून 1.8 कोटी टनांवर नेण्याचं काम हाती घेतलंय. बंद पडणाऱ्या दुकानाला कोणी नवा मजला चढवत नाही.

हायब्रिडवर फार बोलण्यासारखं नाही. आपल्याकडच्या बहुतेक हायब्रिड गाड्यांना प्लगच नसतो. ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद आणि इंजिन यांच्यावरच तिची बॅटरी भरते. तिने ग्रिड, म्हणजे विजेचं देशभरचं जाळं, पाडायचं कसं?

कोळशाचा मुद्दा निम्मा खरा आहे, कबूल. आपली बहुतांश वीज अजून कोळशाचीच. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या हिशेबाने एका युनिटमागे साधारण 0.73 किलो कार्बन डायऑक्साइड. इलेक्ट्रिक स्कूटरला 100 किलोमीटरला, तारांमधली गळती धरून, चारेक युनिट लागतात: तीन किलोच्या आत. पेट्रोल स्कूटर तेवढ्यात सव्वादोन लिटर पिते आणि पाच किलो सोडते. मोटारीत मात्र हा फरक बराच कमी होतो. तिथे मेसेजवाल्याला अर्धा मार्क, तोही हात आखडून.

आणि अंधार. 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तर भारत, मग पूर्व आणि ईशान्य भारतही काळोखात गेला, साठेक कोटी लोक. राज्यांनी वाट्याबाहेर वीज ओढली होती आणि 400 केव्हीची बीना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप होऊन बंद पडली. इलेक्ट्रिक गाड्या तेव्हा होत्याच किती? आपलं पश्चिम ग्रिड दोन्ही दिवस उभं होतं, आत्याचा पंखा फिरत होता. हिशेबच हवा तर घ्या: उद्या एक कोटी स्कूटर रोज 30 किलोमीटर धावल्या तर प्रत्येकीला दिवसाला 1.2 युनिट, सगळ्यांना मिळून वर्षाला साधारण 438 कोटी. देशात वर्षाला वीज तयार होते 1,80,000 कोटी युनिटांच्या वर. हजारात अडीचही नाही.

खरी भानगड ग्रिडमध्ये नाही, सोसायटीच्या फाटकाजवळच्या डबीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे, आणि ती मेसेजमध्ये कुठेच नाही. मी 23 वर्षं मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला आहे. स्कूटरचा चार्जर दीड टनी एसीपेक्षाही कमी ओढतो, पण मोटारीचा घरगुती चार्जर 7 किलोवॅटचा असू शकतो. 100 केव्हीएच्या, म्हणजे जेमतेम 100 किलोवॅट पेलणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर तीस घरं, मेची रात्र, सगळे एसी चालू, आणि दहा जणांनी दहा वाजता प्लग लावला तर एकदम 70 किलोवॅट वाढले. ट्रान्सफॉर्मर रात्रीच थंड होत असतो. ती उसंत गेली की आतल्या कागदाचं इन्सुलेशन करपायला लागतं, सहा अंश जास्त तापला की आयुष्य निम्मं. तो लगेच फुटत नाही, पाच वर्षं आधी जातो.

याला उपाय आहे. सगळ्यांनी एकाच वेळी लावू नये, इतकंच. केंद्राच्या 2023 च्या नियमांत उन्हाच्या तासांतली वीज 10 ते 20 टक्के स्वस्त आणि गर्दीच्या तासांतली तेवढीच महाग करायचं म्हटलंय ते याचसाठी, पण त्याला कुठल्या वेळी किती वीज वापरली ते नोंदणारा स्मार्ट मीटर लागतो, आणि 2024 च्या मेमध्ये त्या मीटरने बिलं वाढली म्हणत बडोद्यात लोकांनी जे रामायण केलं ते सगळ्यांना आठवतंय.

आमच्या सोसायटीत सध्या तीन इलेक्ट्रिक मोटारी आहेत. दोघांनी रात्री एकनंतरचा टायमर लावलाय, तिसरे काका ऐकत नाहीत. चौथी गाडी दिवाळीत येणार म्हणतात, म्हणून लोड वाढवायचा अर्ज मी लिहून ठेवलाय. सेक्रेटरींची सही तेवढी व्हायचीय.