एनओसी आणि लिफ्टची पाटी

पुण्यात, बाणेरच्या टपरीवर विषय निघाला तो भाड्याच्या फ्लॅटच्या ‘फक्त फॅमिली, प्युअर व्हेज’ या जाहिरातीवरून.

बंड्या भाड्याच्या घरांचा एजंट. तो म्हणाला, "छापतात एवढंच. बाकीचं फोनवर. आडनाव काय, गाव कुठलं. पोरगा नागालँडचा किंवा नायजेरियाचा निघाला की दोन महिन्यांचं डिपॉझिट सहा महिन्यांवर जातं, नाहीतर फ्लॅट अचानक ‘कालच गेला’."

"परदेशी म्हटलं की पोलिसांची कटकट असते रे," नाना म्हणाले. नाना ११२ फ्लॅटच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

"कसली कटकट? मालकाने २४ तासांत परदेशी भाडेकरूची माहिती ऑनलाइन फॉर्ममध्ये भरायची. पासपोर्ट, व्हिसा, संपलं."

"आणि वास? बांबूचे कोंब आंबवून शिजवतात."

"नाना, रविवारी तुमच्याकडे बोंबील तळतात तेव्हा चार मजले जागे होतात!"

नाना हसले, पण हटले नाहीत. "सुप्रीम कोर्टानेच २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीला मुभा दिली. आपली माणसं आपण निवडायची."

इथे वैशाली सरसावली. ती सहकार कायद्याची वकील. "नाना, त्या सोसायटीच्या नोंदणी झालेल्या उपविधीतच, म्हणजे तिच्या नियमावलीतच, सभासद पारशी असावा असं होतं. तुमचे उपविधी सरकारी नमुन्याचे, म्हणजे आदर्श उपविधी आहेत, त्यात असं कलमच नाही. पुरेसं कारण नसताना सभासदत्व नाकारलं तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे अपील होतं. आणि भाडेकरूसाठी तुमची एनओसी लागतच नाही. मालकाने कळवायचं, कराराची प्रत द्यायची. कमिटीने घेतलेल्या मुलाखतीला आधार काय?"

"आमची सहकारी सोसायटी नसून अपार्टमेंट असती तर?"

"मग १९७० चा अपार्टमेंट कायदा. पुण्यात अशी कॉम्प्लेक्स बरीच आहेत, आणि लोक सहकार कायद्याची कलमं घेऊन भांडत बसतात. आधी डीड, म्हणजे इमारतीचं नोंदणी झालेलं घोषणापत्र, बघायचं."

बंड्याला दंडाचं विचारायचं होतं. बॅचलर भाडेकरू ठेवला म्हणून काही कमिट्या महिना दोन हजार जास्तीचे लावतात.

वैशाली म्हणाली, "मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्क. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही. १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश. सेवाशुल्क ३,००० तर शुल्क ३००, आणि त्या ३,००० मध्ये मिळकतकर धरायचा नाही. राहणारा बॅचलर की फॅमिली, आकडा तोच."

मला विचाराल तर खरी मेख मालकापाशी आहे. कमिटीला कायदा बांधतो. खासगी मालकाने धर्म बघून ‘नको’ म्हटलं तर त्याला थेट अडवणारा सर्वसाधारण कायदा देशात नाही. म्हणून कमिटी मालकाला फोन करते, मालक एजंटला, आणि कागदावर काहीच उमटत नाही. नकार लिहून मागा, असं वैशाली सगळ्यांना सांगते. बंड्याच्या मते लिहून मागितलं की फोन कट. निदान व्हॉट्सॲपवर विचारावं, उत्तराचा स्क्रीनशॉट तरी राहतो.

मग गाडी लिफ्टवर आली. नानांच्या सोसायटीत पाटी आहे: ‘मोलकरीण, डिलिव्हरी बॉय व कुत्री यांनी मागील लिफ्ट वापरावी.’ त्याच क्रमाने.

"मागची लिफ्ट बंद पडली की?" बंड्याने विचारलं.

"जिना आहे की."

"नऊ मजले?"

वैशाली म्हणाली, "आदर्श उपविधीत लिफ्टचा खर्च सगळ्या फ्लॅटना सारखा, तळमजल्यालासुद्धा. ज्या घरी बाई कामाला जाते त्या घराने तिच्या फेरीचे पैसे भरलेत. आणि ये-जा नोंदवणाऱ्या गेटवरच्या ॲपचं काय? एका घराने तक्रार केली, कमिटीने पास ब्लॉक केला, की बाईची त्या सोसायटीतली चारही कामं एका दिवसात जातात. तिचं म्हणणं ऐकायला त्या ॲपमध्ये बटण नाही."

"चोरी झाली तर जबाबदार कोण, सेक्रेटरीच ना?" नाना आता चिडले होते. "पाटी काढायची तर सर्वसाधारण सभेत आणा. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा घ्यावीच लागते. आमच्याकडे २३ सह्या लागतील."

"भाडेकरूंच्या चालतील?" बंड्याने विचारलं.

"ते सभासद कुठे आहेत?"